फाट्यावर उतरलेली वळकटी

अनसावहिनी एस.टी.च्या खालच्या पायरीवर थांबल्या आणि उतरायच्या आधी त्यांनी डावीकडे-उजवीकडे बघून घेतलं.

"भावजी, हेच का ते गाव?"

"हा फाटा आहे वहिनी. वसाहत आत आहे. उतरा."

"आत म्हणजे कुठं? मला तर सगळं आरपार दिसतंय."

कंडक्टर हसला. तो माझ्याच डेपोतला, मी निवृत्त झाल्यावर या मार्गावर आलेला. म्हणाला, "मास्तर, पाव्हण्यांना सावकाश उतरू द्या. मागं कोणी उतरणारं नाही."

तेवढं बोलायची गरज नव्हती.

वहिनींनी आधी पिशवी माझ्याकडे दिली. मोठी कापडी पिशवी, तोंडाला जुन्या साडीचा काठ गुंडाळून बांधलेला. मी ती खांद्यावर घेतली. आकाराच्या मानानं हलकी लागली. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलेली बाई, तिच्या पिशवीत कापडच असणार असं मी धरून चाललो.

गाडी गेली. वहिनींनी पदर डोक्यावर ओढला आणि रस्त्याकडेच्या टपरीकडे बोट केलं.

"चहा मिळंल का हो इथं? टपरी तर बंद दिसती."

"आज बंद आहे. एरवी चालू असते."

ती टपरी सात महिने बंद होती. त्या दिवसातलं ते माझं पहिलं खोटं.

शालनला जाऊन आता सहा वर्षं झाली. शालन म्हणजे माझी बायको. हा दिवस ती असतानाचा आहे आणि मी तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. मुलीलाही नाही.

मी एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. नारायणगाव डेपो. ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून मी सगळ्या गावाचा पोखरकर मास्तर झालो. पण माझं नाव झालं ते तिकिटांमुळे नाही, वळकट्यांमुळे.

कंडक्टरला सगळ्यात आधी कळतं, कुठलं गाव वाढणार आहे. पेपरात येतं ते नंतर. बाजाराला जाणारा माणूस पिशवी घेऊन उतरतो, पाहुणा बॅग घेऊन उतरतो. पण ज्याला एखाद्या जागी राहायचं असतं, तो वळकटी घेऊन उतरतो. सतरंजीत गुंडाळलेलं अंथरूण, वर सुतळी, आणि दुसऱ्या हातात स्टो. ज्या थांब्यावर वळकट्या उतरायला लागल्या, ते गाव दहा वर्षांत ओळखू येत नाही. माझ्या डाव्या खिशात नेहमी दहा-बारा चिंचोके असत. वळकटी उतरली की एक चिंचोका उजव्या खिशात जाई. संध्याकाळी डेपोत आलो की उजवा खिसा चाचपायचा.

चाकण मी असंच सांगितलं. तेव्हा तिथं कांद्याचा बाजार आणि किल्ल्याची पडकी भिंत, बाकी फारसं काही नव्हतं. लोक हसले. तिघांनी ऐकलं आणि जागा घेतल्या. पुढे त्यातला एक दर दिवाळीला आमच्याकडे पेढे आणून देई.

मी मात्र घेतली नाही. शालन नको म्हणाली. "मला इथं बरं आहे," एवढंच म्हणाली. नारायणगावात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि भिंतीला भिंत लागून अनसावहिनींचं. वहिनी शिवायच्या, शालन त्यांना काज-बटण आणि तुरपाई करून द्यायची. दोघी एकाच उंबऱ्यावर सव्वीस वर्षं बसल्या. वहिनींचे मालक गेले तेव्हा शालन महिनाभर त्यांच्याच घरी झोपली.

पण मी तिला चाकण विसरू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं, मी म्हणे, चाकणला असतो तर हॉटेलात जेवलो असतो. पाहुणे आले, चाकण. मुलीचं लग्न ठरलं, चाकण. पंधरा वर्षं मी तो शब्द घरात वापरला. शेवटी शेवटी मी नुसतं "चा..." म्हटलं तरी ती उठून आत जायची.

म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षी वाघजाई फाट्यावर वळकट्या उतरायला लागल्या, तेव्हा तिनं नको म्हटलं नाही. एका महिन्यात माझ्या उजव्या खिशात साठाच्या वर चिंचोके गेले. फाट्याच्या आत एक बिल्डर वसाहत बांधत होता, पुढे कारखाने येणार होते, रस्ता रुंद होणार होता. मी घरी येऊन म्हणालो, "या वेळी चुकायचं नाही." ती म्हणाली, "बरं."

नारायणगावचं घर विकून आम्ही इथं आलो. सामान टेम्पोनं पाठवलं, पण मी आमचं अंथरूण सुतळीनं बांधून घेतलं आणि आम्ही दोघं मुद्दाम एस.टी.नं आलो. मी वळकटी खांद्यावर घेऊन फाट्यावर उतरलो आणि कंडक्टरला म्हणालो, "मोज रे, ही पण धर."

शालन तेव्हा हसली होती. मला बरं वाटावं म्हणून हसली असेल.

फाट्यापासून वसाहत पंधरा मिनिटांवर. वहिनी चालता चालता विचारत होत्या आणि मी सांगत होतो. दवाखाना? होतोय. पिठाची गिरणी? बोलणं झालंय. देऊळ? जागा सोडलीय.

"शालन नाही आली ती फाट्यावर?"

"तिचे गुडघे धरलेत."

हे खरं होतं. पण मी तिला वहिनी कशासाठी येतायत ते सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, मैत्रीण नुसती भेटायला येतेय.

वहिनींच्या मुलांनी वाटण्या केल्या होत्या. दोन्ही मुलं पुण्याला, दोघांची घरं लहान. नारायणगावचं घर विकून आईचा हिस्सा आईला दिला आणि तू तुझ्या सोयीनं बघ म्हणाले. हे मला कळलं तेव्हा मी वहिनींना फोन केला. म्हणालो, आमच्या शेजारचं घर सुटतंय, उशीर केला तर जाईल, ही जागा दुसरं चाकण आहे. वहिनींकडे जे काही होतं ते एवढंच होतं. ते एकदा इथं घातलं की त्यांना दुसरीकडे छप्पर मिळणार नव्हतं.

वसाहत दिसू लागली तशा वहिनी थांबल्या.

"बरीच घरं आहेत की."

"चौसष्ट होणार. चाळीस झाली."

"आणि माणसं?"

"येतायत. ती बघा, कपडे वाळत घातलेत."

खरंच तीन-चार घरांपुढं दोऱ्यांवर कपडे होते. ते मी सकाळी घातले होते. वसाहतीत आम्ही दोघं आणि पलीकडे वॉचमन लहू, त्याची बायको, एवढेच राहत होतो. आणखी एक कुटुंब होतं ते दिवाळीनंतर गेलं. मी सकाळी शालन अंघोळीला गेल्यावर ट्रंक उघडली, तिच्या चार साड्या, दोन पोलकी आणि माझे सदरे काढले, बादलीत भिजवून पिळले आणि रिकाम्या घरांपुढं वाळत टाकले. कोरडे टाकले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, ओले पाहिजेत.

लहू माझ्याकडं बघत उभा होता.

"मास्तर, बिल्डरसाहेबांकडून काही मिळतंय का तुम्हाला?"

"नाही रे."

"मग कशाला एवढा कुटाणा?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." खरं तर त्याला सांगायला सोपं होतं. शालनचं बोलणं बंद होत चाललं होतं. भांडण नव्हतं. विचारलं तर उत्तर द्यायची. पण दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायची, आणि तिच्या हातात काम नसलं तरी बोटं तुरपाई केल्यासारखी हलायची. एकदा मी तिला झाडाशी बोलताना पाहिलं. झाड म्हणजे आम्ही लावलेली शेवग्याची काडी, गुडघ्याएवढी. तिला ती म्हणत होती, "काय गं, आज ऊन जास्त आहे."

त्या दिवशी मी ठरवलं, वहिनींना आणायचं.

चौदा नंबरच्या घरापुढं वहिनी दोरीपाशी गेल्या. निळ्या पोलक्याची बाही त्यांनी दोन बोटांत धरली, उलटी केली, शिवण बघितली.

"इथं कोण राहतं, भावजी?"

"एक शिक्षिका आहेत. शाळेवर गेल्या असतील."

"एकट्याच?"

"हो."

"अंगानं शालनएवढ्याच म्हणायच्या," वहिनी म्हणाल्या, आणि बाही सोडून पुढं चालायला लागल्या.

मी मनात म्हणालो, सुटलो.

शालन ओट्यावरच होती. वहिनींना बघून उठताना तिला भिंत धरावी लागली. दोघींनी एकमेकींचे दंड धरले आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"वाळलीस गं," वहिनी म्हणाल्या.

"तू कुठं मोठी फुगलीयस?"

"माझं सोड. मला सुना आहेत वाळवायला. तुला कोण आहे?"

"हे आहेत की," शालन म्हणाली, आणि दोघी हसल्या. वर्षभरात मी तिचं ते हसू ऐकलं नव्हतं. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, दोन्ही हातांनी जराशी दाबली आणि वहिनींकडं बघितलं. मग आत घेऊन गेली.

मी शेजारच्या घराची किल्ली आणायला लहूकडं गेलो. तो जागेवर नव्हता, शोधायला वेळ लागला. परत आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि दाराशी आल्याबरोबर मला कळलं की बोलणं थांबलंय. शालनचे डोळे लाल होते. मी समजलो, मैत्रिणी आहेत, रडल्या असतील.

जेवायला तिनं कुळथाची शेंगोळी केली होती. वहिनींना आवडतात म्हणून. आम्ही तिघं खालीच बसलो. पहिला घास झाला आणि वहिनींनी ताटातला हात थांबवला.

"भावजी, आता सरळ विचारते. तुम्ही चाकण सांगितलं होतं तेव्हा सगळं गाव हसलं होतं. मी नव्हते हसले."

"नव्हता हसलात."

"मग आता मला सांगा. हे वाढणार का?"

शालन माझ्याकडं बघत होती. तिला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं असावं, की मी वहिनींना कशाला बोलावलंय. नाही, तिला ते आधीच कळलं होतं, पण ते मला नंतर समजलं.

मी म्हणालो, "पाच वर्षांत तुम्हाला हा फाटा ओळखू येणार नाही. मी एकतीस वर्षं गाडीवर काढलीयत वहिनी. मला दिसतं. शेजारचं घर घेऊन टाका."

"घेऊ?"

"डोळे झाकून."

"नको घेऊ, अनसा," शालन म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. मी म्हणालो, "तू मध्ये बोलू नको. तुला यातलं काय कळतं? चाकणच्या वेळीही तू असंच..."

"चाकण आज नको," ती म्हणाली. "आज मला बोलू द्या."

तिनं ताट बाजूला सारलं.

"अनसा, हे रोज सकाळी फाट्यावर जातात. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसतात. खिशात चिंचोके घालून जातात, तुला माहितीय ह्यांची सवय. सदरे मी धुते. गेल्या वर्षभरात डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात गेलेला मी पाहिला नाही. ह्या फाट्यावर एकच वळकटी उतरलीय. आमची."

"शालन," मी म्हणालो.

"आधी ह्यांनी मोजल्या त्या साठ वळकट्या गवंड्यांच्या होत्या. ही घरं बांधायला आलेल्यांच्या. घरं झाली, ते वळकट्या उचलून गेले. जाताना पण ह्यांनी बघितलं. ह्यांना सगळं ठाऊक आहे. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

कुणी जेवत नव्हतं. मला एवढंच आठवतं की माझ्या हाताला शेंगोळीचा रस लागला होता आणि तो वाळत चालला होता.

एकतीस वर्षं मी वळकट्या मोजल्या आणि वळकटीवाल्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, तू कशाला आलास. विचारलं असतं तर त्यांच्यातल्या कुणीही सांगितलं असतं, घर बांधायला आलोय, काम संपलं की जाणार. ही चूक मला इथं आल्यावर तिसऱ्या महिन्यात कळली होती. टेम्पोत बसून गवंडी निघाले, तेव्हा मी मोरीवरच होतो. त्यातल्या एकानं मला हात केला. मीही केला.

अनसावहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या शालनकडं बघत होत्या.

"बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुला सांगायचं होतं तर..."

"नाही. मी शपथ घातलीय तुला," शालन म्हणाली. "जेव. गार होतंय."

कसली शपथ, ते मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायचं तोंड माझ्याकडं नव्हतं.

तीनच्या गाडीनं वहिनी परत निघाल्या. पिशवी मीच खांद्यावर घेतली. शालन गुडघे दुखत असताना चौदा नंबरपर्यंत बरोबर आली. तिथं तिनं दोरीवरचं निळं पोलकं काढलं, हातावर घेतलं, घडी घातली. मग शेजारच्या दोरीवरची साडी. वहिनी पुढं झाल्या आणि साडीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. दोघींनी मिळून माझ्यासमोर साडीच्या घड्या घातल्या, टोकाला टोक लावून, नारायणगावात घालायच्या तशा. मी रस्त्यात पिशवी घेऊन उभा. लहू त्याच्या दारातून बघत होता.

"ह्याची काजं अजून धड आहेत बघ," वहिनी पोलक्याकडं बघून म्हणाल्या.

"माझी आहेत ती. धड राहणारच," शालन म्हणाली.

फाट्यावर गाडी येईपर्यंत वहिनी आणि मी दोघंच होतो. त्या मोरीवर बसल्या, जिथं मी रोज बसतो तिथंच. मला वाटलं त्या शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, "शेवग्याला पाणी घालता का रोज?" मी हो म्हणालो. गाडी आली. मी पिशवी वर दिली.

घरी आलो ते मी तापूनच आलो. लाज वाटली की मला राग येतो, हे शालनला माहीत होतं. ती ताटं घासत होती.

मी म्हणालो, "वर्षभर तोंड पाडून बसतेस. तुझ्यासाठी माणूस आणलं तर त्याला हाकलून देतेस. मर मग एकटी."

तिनं ताट धुऊन पालथं घातलं. हात पुसले.

"तुम्ही माणूस कुठं आणलं?" ती म्हणाली. "तुम्ही गिऱ्हाईक आणलं होतं."

मी अकरा दिवस तिच्याशी बोललो नाही. ज्या घरात दोनच माणसं आणि आजूबाजूला जवळजवळ चाळीस रिकामी घरं, तिथं अकरा दिवस. तिनं रोज वेळेवर ताट वाढलं. बाराव्या दिवशी मी म्हणालो, मीठ कमी आहे. तिनं मीठ दिलं. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. मी माफी मागितली नाही. उद्या मागू, असं पहिल्या आठवड्यात वाटायचं. नंतर वाटायचं बंद झालं.

त्यानंतर सव्वा वर्षानं ती गेली. छातीत दुखलं, पुण्याला नेली, तिथं चार दिवस होती. डॉक्टरांनी सगळं केलं. इथं राहिल्यामुळं गेली असं मी म्हणणार नाही, नारायणगावात असती तरी कदाचित गेली असती. पण नारायणगावात तिला बघायला शंभर बायका आल्या असत्या. इथं अंगणात दहाव्याला आठ माणसं होती, त्यात लहू आणि त्याची बायको धरून.

दहाव्याला अनसावहिनी आल्या. तोवर त्या धाकट्या मुलाकडं पुण्यात राहायला गेल्या होत्या, आणि गॅलरीत झोपायच्या असं मुलीकडून कळलं होतं. दुपारी सगळे गेल्यावर माझी मुलगी आत शालनचे कपडे काढून बघत होती, कुणाला काय द्यायचं ते. वहिनी म्हणाल्या, "ते निळं पोलकं मला दे बाई." मुलीनं दिलं. वहिनी ते घेऊन बाहेर ओट्यावर आल्या, मी बसलो होतो तिथं.

सव्वा वर्षापूर्वी बोलायचं ते मी तेव्हा बोललो.

"वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते कपडे पण..."

"हे पोलकं मी शिवलेलं आहे भावजी," त्या म्हणाल्या. "चौदा नंबरच्या बाईच्या अंगात माझं पोलकं कसं, एवढं मला कळू नये होय? डाव्या बाहीला कापड कमी पडलं होतं, जोड दिलाय. हा बघा."

त्यांनी जोड दाखवला. मी बघितला.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? मी घर बघायला आलेच नव्हते."

मला समजलं नाही. मी म्हणालो, "फोनवर तर मी घराचंच..."

"फोनवर तुम्ही तुमचं पुराण लावलं होतं. दुसरं चाकण, पाच वर्षं, दहा वर्षं. मी साठ वर्षांची बाई, मला दहा वर्षांनी काय वाढणार ते घेऊन काय करायचंय? पण शेवटाला तुम्ही म्हणालात, शालन हल्ली बोलत नाही फार. तेवढं एकच वाक्य. ते ऐकून मी आले." त्यांनी पोलकं मांडीवर सरळ केलं. "नुसतं ये म्हणाला असतात तरी आले असते. घर वाढो नाहीतर पडो."

आत मुलीनं ट्रंक बंद केल्याचा आवाज आला.

"मग राहिला का नाहीत?" मी विचारलं.

"शालननं राहू दिलं नाही. तुम्ही किल्ली आणायला गेलात तेव्हा तिनं पिशवीची गाठ सोडली. मला म्हणाली, हे उचल आणि संध्याकाळच्या आत परत जा. माझ्यासाठी तुझं आहे ते इथं मातीत घालशील तर माझी शपथ आहे तुला. मी म्हटलं, मला कळतंय सगळं, तरीही मी राहते. तर म्हणाली, तुला राहू दिलं तर ह्यांना वाटेल ह्यांचं बरोबर होतं. मग हे दुसऱ्या कुणालातरी बोलावतील."

मी खाली बघत होतो. शेवगा आता छपराला लागला होता, त्याची सावली ओट्यावर येत होती.

"पिशवीत काय होतं?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, मला वाटतं नवल होतं.

"भावजी, तुम्ही विचारता हे?" त्या म्हणाल्या. "माझी गोधडी होती, आणि उशी. अंथरूण घेऊन आले होते मी. आणि तुम्हाला दिसलं नाही?"

वहिनी चारच्या गाडीनं गेल्या. आता मी इथं एकटाच राहतो, आणि अजून कधीकधी लोक येतात, मास्तर, पुढं कुठं वाढेल, कुठं जागा घ्यावी विचारतात. मी त्यांना सांगतो की मला माहीत नाही. त्यांना वाटतं मी लपवतोय.

ती पिशवी येताना आणि जाताना, दोन्ही वेळा माझ्याच खांद्यावर होती.